एकटीच्या पगारावर घर चालवत कर्ज कसं फेडायचं

मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते, त्यामुळे कर्ज काढणारे, फेडणारे, थकवणारे सगळेच रोज समोर असतात, आणि घर माझंही एकटीच्याच पगारावर चालतं. इंटरनेटवर कर्जफेडीचे जे उपाय सांगतात ना, जास्त व्याजाचं आधी फेडा, बाहेरचं खाणं बंद करा वगैरे, ते चुकीचे नाहीत, पण ते दोन पगारांच्या घरासाठी लिहिल्यासारखे वाटतात. दोघं कमावते असले की एका महिन्यात एकाचं काही बिनसलं तर दुसरा सांभाळून घेतो. एकटीचं काय होतं, की चार पैसे जास्त जमले म्हणून ते सगळे हप्त्यात कोंबले, आणि पुढच्याच आठवड्यात पोरगं तापाने फणफणलं, की डॉक्टर, रक्ततपासणी, औषधं यांचे दोन हजार येणार कुठून, तर परत कार्डावरून नाहीतर फोनमधल्या लोन ॲपवरून. म्हणजे महिनाभर फेडलेलं एका संध्याकाळी परत डोक्यावर. म्हणून आपला क्रम वेगळा लावायचा. आधी नवीन उधारी काढायची वेळ येणार नाही एवढी सोय करायची आणि मग जुन्याच्या मागे लागायचं. याने फेड थोडी हळू होते, होऊ दे.

इथे एकटी म्हणतेय पण एकट्या बापांनाही हे सगळं जसंच्या तसं लागू आहे, तेही येतात आमच्याकडे, फक्त बोलत कमी.

सगळं वहीत उतरवा, आठवणीवर जाऊ नका

कर्ज किती आहे असं विचारलं की बहुतेक जणी हप्ता सांगतात, बाकी सांगत नाहीत. हप्ता तोंडपाठ असतो, मुद्दल किती उरलंय ते कुणालाच माहीत नसतं. तर एक साधी वही घ्यायची आणि प्रत्येक देण्यासमोर लिहायचं, कुणाचं, आज बंद करायचं तर किती भरावे लागतील, व्याज किती टक्के, हप्ता किती आणि कोणत्या तारखेला कटतो, जामीन कोण आहे, तारण काय ठेवलंय. बँकेत फोरक्लोजरची, म्हणजे कर्ज आजच बंद करायची, रक्कम विचारली की सांगतात, आणि ॲपमध्ये पण दिसते बऱ्याचदा.

यात काय काय धरायचं हे सांगते कारण लोक अर्धंच लिहितात. भिशी चालू असेल आणि तुमचा नंबर आधीच उचलून झाला असेल तर उरलेले हप्ते हे कर्जच आहे. किराणावाल्याच्या खात्यावर चढलेली बाकी. शून्य टक्क्याने घेतलेला मोबाइल. भावाकडून शाळेच्या ॲडमिशनला घेतलेले चाळीस हजार, जे तो मागत नाही म्हणून आपण मोजत नाही. बचत गटाचं कर्ज, तिथे महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस होतात हे पण शेजारी लिहा, महिन्याचा आकडा दिसायला बारीक दिसतो. ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज पगारातून परस्पर कटतं म्हणून विसरायला होतं, ते पण.

मग आपला क्रेडिट रिपोर्ट काढा, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्यायचा, पैसे मागणाऱ्या तिसऱ्याच साइटवर नंबर टाकत बसू नका. स्कोअर किती आहे ते नंतर बघा, आधी त्यात कर्जं कोणकोणती दिसतायत ते बघा. कधीतरी दीर-नणंदेच्या कर्जाला सही केलेली असते ती तिथे बरोबर दिसते. आणि आपण कधी घेतलंच नाही असं काही दिसलं तर लगेच तिथेच ऑनलाइन तक्रार टाकायची.

नवरा गेला असेल किंवा वेगळं राहत असाल तर

हे वेगळं लिहितेय कारण इथे बायकांना नको तितकं घाबरवलं जातं. नवऱ्याच्या नावावरचं पर्सनल लोन किंवा कार्ड, आणि तुम्ही त्यात सहकर्जदार नाही, जामीनदार नाही, तर ते तुमच्या पगारातून फेडायची जबाबदारी तुमची होत नाही. त्यांनी मागे जे ठेवलं, म्हणजे खात्यातले पैसे, जागा, गाडी, जे वारसांना मिळालं, तेवढ्यापुरतीच वसुली होऊ शकते. वसुलीवाला घरी येऊन म्हणेल की मॅडम निम्मं तरी भरा, नाहीतर मुलांच्या नावावर चढेल, तर त्याला काही लिहून देऊ नका, सही तर अजिबात नको. कर्जाची कागदपत्रं दाखव म्हणावं आणि त्यात आपली सही आहे का ते बघायचं. सही असेल तर मात्र गोष्ट वेगळी, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, करार कायद्याचं कलम १२८ आहे ते.

आणि त्यांचं पासबुक नीट बघा. मे महिन्याच्या शेवटी ४३६ रुपये कटल्याची एन्ट्री आहे का? असेल तर ती पंतप्रधान जीवन ज्योती विमा आहे, दोन लाख मिळतात. २० रुपयांची एन्ट्री असेल तर ती सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यू असेल तर त्याचेही दोन लाख. खूप घरांत हा क्लेम कुणी टाकतच नाही कारण त्या पंधरा दिवसांत कोण पासबुक बघत बसतंय, पण नंतर लक्षात आलं तरी बँकेत जाऊन विचारून बघा. होम लोन किंवा पर्सनल लोन देताना बँकेने विमा गळ्यात मारलेला असतो, तोही तपासा, त्या विम्यातून अख्खं कर्ज मिटू शकतं.

घटस्फोट झालेला असेल आणि होम लोन दोघांच्या नावावर असेल, तर कोर्टात काहीही ठरलेलं असू दे, बँकेसाठी दोघंही कर्जदारच राहतात. त्याने हप्ता चुकवला तर तुमचाही रिपोर्ट खराब होतो. नाव काढून घेण्यासाठी बँकेत वेगळा अर्ज करावा लागतो आणि ती एकाच्या पगारावर कर्ज बसतंय का ते बघते. हे प्रकरण लोंबकळत ठेवू नका.

घरखर्च: चहावर नाही, जूनवर लक्ष ठेवा

बजेट म्हटलं की सगळे दूध, भाजी, रिक्षा यांच्या मागे लागतात. मी इतकी वर्षं बघतेय, घर रोजच्या खर्चाने सहसा कोसळत नाही. कोसळतं ते जूनमध्ये शाळा उघडताना, दिवाळीत, गाडीच्या इन्शुरन्सला आणि मे महिन्यात एकापाठोपाठ तीन लग्नं आली की. आमच्याकडे तातडीच्या कर्जाची गर्दी बघायची असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात या. आणि गंमत म्हणजे यातलं एकही अचानक आलेलं नसतं, दरवर्षी त्याच तारखेला येतं.

म्हणून आधी वर्षाचे खर्च लिहा. फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, गणपती, दिवाळी, इन्शुरन्स, घरपट्टी असेल तर ती, आहेर, गावची जत्रा, एखादा चष्मा. बेरीज करा, बाराने भागा, आणि ती रक्कम दर महिन्याला भाड्यासारखी बाजूला काढा. ज्या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही अशा खात्यात ठेवा. पोस्टातलं बचत खातं चालेल, जुनं को-ऑपरेटिव्ह बँकेचं चालेल, मुद्दा एवढाच की फोन फिरवून दोन सेकंदात ते पैसे जाता कामा नयेत.

आता एक हिशोब मांडून दाखवते. आकडे मी माझ्या मनाने घेतलेत पण शहरात भाड्याने राहणाऱ्या कितीतरी जणींचे साधारण याच्या आसपास असतात. हातात पगार ३४,०००. भाडं ९,०००, किराणा-भाजी ६,५००, दूध १,८००, गॅस सिलिंडर दीड महिना पुरतो म्हणून महिन्याचे ६००, लाइट १,१००, रिचार्ज आणि वायफाय ७००, स्कूल व्हॅन १,५००, क्लास १,५००, आईची बीपी-शुगरची औषधं १,४००, पेट्रोल १,६००. झाले २५,७००. उरले ८,३००. पर्सनल लोनचा हप्ता ४,७०० गेला की राहतात ३,६००. आणि क्रेडिट कार्डची बाकी आहे ६०,०००, तिचं मिनिमम ड्यू, म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, ५ टक्क्यांनी ३,०००. म्हणजे सगळं भागून ६०० रुपये शिल्लक, आणि बाईला वाटतं की चला, ओढाताण आहे पण चाललंय.

चाललेलं काही नसतं. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के धरा, बहुतेक कार्डांचं तीन ते पावणेचारच्या मध्येच असतं. साठ हजारांवर २,१०० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८, मिळून २,४७८. तुम्ही भरले ३,००० आणि मुद्दलातून गेले ५२२ रुपये. वर बाकी पुढे ओढली जात असेल तर कार्डावरच्या नव्या खरेदीलाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे फक्त पूर्ण बिल भरणाऱ्यांसाठी.

आणि अजून वर्षाचे खर्च आलेच नाहीत! ते कसेबसे १८,००० धरले तरी महिन्याला १,५०० बाजूला काढायला हवेत. ३,६०० मधून १,५०० गेले तर कार्डासाठी उरतात २,१००, आणि तिकडे नुसतं व्याजच २,४७८ आहे. म्हणजे काटकसर करून, चहा सोडून, चालत जाऊन हे कर्ज फिटणारच नाही, ते वाढणार. इथे कर्जाचा दरच बदलायला लागतो, दुसरा मार्ग नाही.

महागडं कर्ज स्वस्तात फिरवणं

पहिलं म्हणजे कार्डवाल्या बँकेला फोन करून बाकीचे हप्ते करून मागा. व्याज तरी निम्म्यावर येतं, प्रोसेसिंग फी आणि जीएसटी धरून एकूण किती भरावे लागतील ते विचारून घ्या. ऑफिसची क्रेडिट सोसायटी असेल तर तिथे विचारा, तिथलं कर्ज सहसा कार्डापेक्षा बरंच स्वस्त पडतं. आणि घरात सोनं असेल तर सोनेतारण.

मी सोनेतारणाच्या काउंटरला बसते म्हणून त्याची जाहिरात करत नाहीये, उलट सांगते की सरकारी बँकेत चौकशी करा, आमच्यासारख्यांपेक्षा दर कमी मिळू शकतो, आणि काही खासगी कंपन्या जाहिरातीत एक दर दाखवतात नि हप्ता चुकला की तो चढत जातो. समजा १० टक्क्यांनी ६०,००० मिळाले आणि कार्ड एकदम मोकळं केलं. आता महिन्याचं व्याज २,४७८ ऐवजी ५०० च्या आसपास. तेच २,१०० रुपये महिना भरत गेलात तर साधारण ३३ महिन्यांत कर्ज संपतं. मधे एका दिवाळीचा दहा हजार बोनस मुद्दलात टाकलात तर आणखी पाचेक महिने वाचतात. पगार तोच, खर्च तोच.

पण सोनेतारण फसतं कुठे तेही ऐका. बाई येते, पाटल्यांची जोडी ठेवलेली असते, वर्ष झालेलं असतं, आणि म्हणते, "ताई, नुसतं व्याज भरते, फिरवून द्या." आम्ही फिरवून देतो. पुढच्या वर्षी परत. व्याजही भरायला नसलं तर सोन्याचा भाव वाढलाय म्हणून जास्त रकमेचं नवीन कर्ज काढून त्यातूनच जुनं व्याज भरतात, कागदावर सगळं नियमित दिसतं आणि कर्ज दरवर्षी वाढत असतं. म्हणून घेताना वर्षाच्या शेवटी एकरकमी फेडायचं कर्ज घेऊच नका, दरमहा हप्त्याचं आहे का विचारा. नसेल तर मधेमधे मुद्दलात भरलेले चालतात का विचारा, बहुतेक ठिकाणी चालतात, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी स्वतःच जाऊन भरत जा.

दुसरी अट म्हणजे मोकळं झालेलं कार्ड परत वापरायचं नाही. बंद करा. बंद करायचं धाडस होत नसेल तर लिमिट दहा हजारावर आणून घ्या आणि शॉपिंगच्या ॲपमधून सेव्ह केलेला नंबर काढून टाका. सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं अशा अवस्थेतून कुणाला बाहेर काढणं फार अवघड जातं.

जे दागिने कपाटात नुसते पडून आहेत, तुटलेलं कानातलं, एकटी उरलेली बांगडी, ते गहाण ठेवण्यापेक्षा मोडून टाका असं माझं सरळ मत आहे. घडणावळ जाते, जाऊ दे, व्याज तर थांबतं. मंगळसूत्र नाहीतर आईच्या पाटल्या यांचा निर्णय मात्र ज्याचा त्याने, त्यात हिशोब सांगणारी मी कोण.

कोणतं आधी

सगळ्यात आधी घरात निदान एक महिन्याचं भाडं आणि किराणा एवढी रक्कम. वरच्या हिशोबात ते साडेपंधरा हजार होतात. पहिला बोनस, ओव्हरटाइम, जुन्या रद्दी-सायकलचे पैसे, जे काय येईल ते आधी इथे. लाडकी बहीणचे १,५०० येत असतील तर तेही खर्चात मिसळू देऊ नका, आले त्या दिवशी वेगळे काढा. व्याज चढत असताना पैसे नुसते ठेवायचे हे हिशोबाला पटत नाही, पण जिच्या मागे कुणी उभं नाही तिला हे गाठोडं नसेल तर पुढचं सगळं नियोजन पहिल्या आजारपणात मोडतं. दवाखान्यावरून आठवलं, महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांचं काम ताप नसताना करून ठेवा. योजनेत बसणारे इलाज यादीतल्या हॉस्पिटलात पाच लाखांपर्यंत कॅशलेस होतात, आणि आमच्याकडे येणाऱ्या मोठ्या कर्जांच्या मागे बऱ्याचदा एखादं ऑपरेशन असतं.

त्यानंतर लोन ॲप आणि सावकार. रक्कम लहान असली तरी आधी हीच, कारण त्रास सगळ्यात जास्त यांचा. ॲपचं कर्ज देणाऱ्या बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, पैसे थेट तुमच्या खात्यात आले पाहिजेत आणि ॲपने तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो मागता कामा नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. हे पाळत नसेल ते ॲप मुळातच संशयास्पद. फोटो एडिट करून नातेवाइकांना पाठवायची धमकी आली तर घाबरून आणखी पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा, १९३० वर फोन करा. सावकाराचं म्हणाल तर परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हा महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे होते. कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प पेपर दिलेला असेल तर कर्ज फेडताना तो परत घेतल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका.

मग कार्ड आणि बाकीची महागडी. पर्सनल लोनला बहुतेक वेळा लवकर बंद करायची पेनल्टी असते, दोन ते पाच टक्के वगैरे, ती आणि वाचणारं व्याज शेजारी मांडून बघा. शेवटच्या सहा-आठ हप्त्यांत घाई करून फारसं हाती लागत नाही, व्याज आधीच्या हप्त्यांतच गेलेलं असतं. होम लोन सगळ्यात शेवटी, त्याचं व्याज कमी असतं, आणि फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या, दराचं असेल तर त्याला लवकर फेडायचा दंड लागत नाही, त्यामुळे हातात जास्त पैसे येतील तेव्हा बघता येईल.

नातेवाइकांच्या उसनवारीला व्याज नसतं म्हणून ती पुस्तकी सल्ल्यात शेवटी येते. मी म्हणेन दर महिन्याला पाचशे का होईना पाठवत जा, तारीख ठरवून. मोठी रक्कम देऊन टाकणं आज शक्य नाही हे भावालाही कळतं, पण दोन वर्षं विषयच काढला नाही की राखीपौर्णिमेला घरात बसणं जड होतं, आणि पुढे खरंच गरज पडली तर तिथलं दार बंद झालेलं असतं. आणि लिहून ठेवा दोघांनी, किती दिले नि किती राहिले.

हप्ता चुकणार असं दिसलं तर

चुकायच्या आधी जा. हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने सांगतेय. तारखेच्या आठवडाभर आधी आलेल्या माणसासाठी हप्त्याची तारीख पुढे ढकलता येते, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो, निदान साहेबांशी बोलता येतं. तीन महिने फोन न उचलता आलेल्यासाठी आमच्या हातात काही राहत नाही, ९० दिवस थकलं की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं आणि फाइल वसुलीकडे. पगार सात तारखेला आणि हप्ता पाचला असेल तर दर महिन्याला ऑटो डेबिट परत जाऊन दंड लागतो, तो बँकेचाही आणि कर्जवाल्याचाही, वर जीएसटी. एक अर्ज देऊन तारीख दहा करून घ्या. एवढ्या साध्या गोष्टीसाठी लोक वर्षानुवर्षं पैसे घालवतात.

अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, तुमच्या शेजाऱ्यांना, ऑफिसला, नातेवाइकांना कर्ज सांगत फिरायचं नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा, तीस दिवसांत काही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाइन आहे, फी नाही, चौकशीचा नंबर १४४४८. पतसंस्था त्याच्यात येत नाही, आमची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाते. हे आमच्या साहेबांना मी सांगितलेलं आवडणार नाही पण असो.

एवढे भरा आणि सेटलमेंट करून टाका असा फोन आला की हुरळून जाऊ नका. रिपोर्टमध्ये ते खातं पूर्ण फेडलं असं नाही, सेटल्ड असं दिसतं, आणि पुढे मुलाच्या एज्युकेशन लोनला सहकर्जदार म्हणून उभं राहायची वेळ आली की तिथे अडतं. खरंच काहीच मार्ग नसेल तर ठीक आहे, पण लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया भरू नका.

घरातल्यांना सांगणं आणि बाहेरच्यांना नाही म्हणणं

मुलांना आकडे सांगायची गरज नाही, पण दहा-बारा वर्षांच्या पोराला एवढं कळतं की या वर्षी सायकल नाही. आईने न सांगता रात्री हिशोब करत बसायचं आणि सकाळी चिडचिड करायची, यापेक्षा सांगितलेलं बरं. माझ्या मुलाला मी लाइटचं बिल आणि रिचार्ज ही दोन कामं दिलीत, पैसे माझे, तारीख त्याने लक्षात ठेवायची. पंखा बंद करायला लागला आपोआप.

एकटीला आणखी एक अडचण असते, हिशोब बघणारं दुसरं कुणी नसतं. बहीण, मैत्रीण, ऑफिसातली एखादी विश्वासाची बाई, कुणीतरी एक असं ठेवा जिला महिन्यातून एकदा वहीचं पान फोटो काढून पाठवायचं. तिने सल्ला द्यायचीही गरज नाही. नवीन काही हप्त्यावर घ्यायचं असेल तर आधी तिला सांगायचं एवढाच नियम.

आहेराचं एक पाकीट ठरवून टाका, सगळ्यांना सारखं, आणि त्यांनी आपल्याला किती दिले होते ती वही उघडूच नका. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे त्यामुळे लग्नाला जाऊन या, जेवून या, पण नवीन साडी नको. आणि जामीन राहायचं नाही. कुणालाही नाही, सख्ख्या दिरालाही नाही, जोवर आपलं कर्ज आहे तोवर. "माझ्या सिबिलमुळे बँक मला जामीन घेतच नाही" एवढं म्हणायचं, विषय संपतो, आणि कर्ज असलेल्या माणसाच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरंही असतं.

वरकमाई जमत असेल तर करा, शिकवण्या, डबे, दिवाळीचा फराळ, ब्लाउजचे हुक-फॉल-पिको, पण त्यासाठी आणखी कर्ज काढून मशीन घेऊ नका, आधी आहे त्यात चार महिने चालतंय का बघा. आणि एकटीच्या घरात तुमची तब्येत हाच पगार आहे, रात्री बारापर्यंत चकल्या तळून सकाळी ऑफिसात चक्कर आली तर हिशोब उलटा पडतो.

कर्ज संपल्यावरचे कागद

शेवटचा हप्ता गेला म्हणजे कर्ज संपलं असं नाही. बेबाकी दाखला, म्हणजे नो ड्यूज, शिक्क्यासकट घ्या. ऑटो डेबिटचं मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायला दिलेली परवानगी, रद्द झालंय का बघा, सही करून दिलेले चेक परत घ्या. होम लोन असेल तर घराची मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत द्यायची असतात, नाही दिली आणि चूक त्यांची असेल तर दिवसाला ५,००० भरपाईचा नियम आहे. महिना-दीड महिन्याने रिपोर्ट परत काढून ते खातं बंद दिसतंय का तपासा. दिसत नसेल तर तक्रार टाका, तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते.

सुटलेला हप्ता पुढच्या महिन्यापासून पुढच्या कर्जाला लावा, त्याच तारखेला. महिनाभर तरी मोकळं वाटू दे म्हणून तो हातात ठेवला की खर्चात कधी मुरला ते कळत नाही. आणि दागिने सोडवायला जाल तेव्हा पाकिटाचं सील तुमच्या समोर फोडायला लावा, तिथल्याच काट्यावर वजन करून पावतीशी ताडून बघा, प्रत्येक नग मोजा, आणि मगच रजिस्टरवर सही करा.